रांगेत न राहणारं पुस्तक

दुसऱ्या फळीवरचं एक पुस्तक रांगेतून बाहेर आलं होतं. फार नाही, अकरा मिलिमीटर. एरवी माणसं अशा वेळी ‘बोटभर’ म्हणून मोकळी होतात. पण अमृता हिवराळे एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होती आणि तिच्या स्वयंपाकघराच्या खणात, सांडशी आणि लाटण्याच्या शेजारी, एक व्हर्निअर कॅलिपर कायमचा राहायला आला होता. तिनं तो आणला, मोजलं, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. अकराच. आदल्या संध्याकाळी तिनं लाकडी पट्टी लावून सगळ्या पुस्तकांचे कणे एका रेषेत आणले होते. बाकीची पुस्तकं अजून प्रार्थनेला उभ्या केलेल्या वर्गासारखी शिस्तीत होती. हे एकटंच पुढं आलं होतं, काहीतरी विचारायचं असल्यासारखं.

तिनं ते आत ढकललं आणि कॉलेजला गेली. दुपारी परत आली तेव्हा ते पुन्हा बाहेर होतं.

या सगळ्याची सुरुवात मात्र वाळवीनं केली, आणि तिचं श्रेय तिला द्यायला हवं.

अमृताच्या पलंगाखाली तीन वर्षं काही खोकी पडून होती. त्यांत तिची आणि फरहानची मिळून जमलेली खेळाची पुस्तकं होती. ‘खेळाची पुस्तकं’ म्हटलं की लोकांना क्रिकेट आठवतं, म्हणून थोडा खुलासा करणं भाग आहे. अमृतालाही तो आयुष्यभर करावा लागला आहे. हा खेळ टेबलाभोवती बसून खेळतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सांगणारा म्हणतो, “समोर नदी आहे, पूल तुटलाय. काय करता?” मग ज्यानं त्यानं आपण काय करतो ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फासे टाकून ठरवायचं. काही फाशांना वीस-वीस पैलू असतात. पट नसतो, सोंगट्या नसतात आणि शेवटी कुणीच जिंकत नाही. “मग खेळता कशाला?” असं अमृताची आई मुक्ताबाई दर रविवारी विचारत असे, आणि पदव्युत्तर शिक्षण घेऊनही अमृताला त्याचं उत्तर देता आलेलं नव्हतं.

फरहान हा शेजारच्या कमरुन्निसा आपांचा मुलगा. उस्मानपुऱ्यात त्याचं झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान होतं. खेळून खेळून पुस्तकांची पानं निखळली की तो ती पीएच.डी.च्या प्रबंधांना घालतात त्याच काळ्या रेक्झिनमध्ये बांधून काढायचा आणि कण्यावर सोनेरी अक्षरांत स्वतः ठेवलेलं मराठी नाव उमटवायचा. त्यामुळं ‘बुडालेल्या शहराचे कायदे’, ‘पिशाच्चांची वर्गवारी’ वगैरे ग्रंथ लांबून कुणाच्या तरी डॉक्टरेटसारखे दिसत. ‘सात दारांचं भुयार’ हे तर त्यानं स्वतःच रचलेलं आणि स्वतःच बांधलेलं. त्यात दारं सात आणि वर्णन सहाचंच होतं. सातवं तो डोक्यात ठेवून होता. “लिहिलं की तुम्ही चोरून वाचणार,” असं त्याचं म्हणणं, आणि ते सम्यकच्या बाबतीत खरं होतं.

सम्यक हा अमृताचा मामेभाऊ, लासूर स्टेशनच्या बाजार समितीत कारकून. तो रविवारी रेल्वेनं यायचा आणि आपांच्या हॉलमध्ये खेळ बसायचा. आपा स्वयंपाकघरात भांडी घासत ऐकायच्या. ऐकत नसल्याचं दाखवायच्या, पण गोष्ट रंगात आली की नळ बंद व्हायचा.

फरहानच्या टेबलावर एकच नियम कडक होता. मनात ठरवलेलं धरायचं नाही. तोंडानं बोललं तरच झालं. ज्याची पाळी तो बोलेपर्यंत गोष्ट जागची हलत नसे, आणि अमृताची पाळी आली की सम्यक उठून चहा ठेवत असे. अमृताला पुरेशी माहिती मिळाल्याशिवाय बोलता येत नाही. हा तिचा स्वभाव आणि व्यवसाय दोन्ही.

शेवटच्या रविवारी ते सातव्या दाराशी पोचले. फरहाननं टेबलाच्या खालून बोटाच्या पेरानं वाजवलं. टक. टकटक. “दारामागून कुणीतरी ठोठावतंय,” तो म्हणाला. “अमृता, तू सगळ्यांच्या पुढं आहेस. बोल, काय करतेस?”

अमृतानं विचारलं, दार लाकडाचं की दगडाचं? फटीतून वारा येतो का? ठोठावणाऱ्याला आपण इथं आहोत हे माहीत आहे का? सम्यकचा चहा उकळून निम्मा झाला. शेवटी ती म्हणाली, “पुढच्या रविवारी सांगते.”

“चालेल,” फरहान हसला. “दार कुठं पळतंय?”

पुढचा रविवार फरहानला लाभला नाही. हृदयाचं काहीतरी निघालं, जे त्याच्यासकट कुणालाच ठाऊक नव्हतं. आपांनी त्याची पुस्तकं अमृताकडं पाठवून दिली आणि अमृतानं आपलीही त्यांच्यासोबत खोक्यांत भरून खोकी पलंगाखाली सारली. सम्यक कधीमधी फोनवर म्हणे, “ताई, माझा योद्धा तीन वर्षं त्या भुयारात मशाल धरून उभाय. तेल तरी संपलं असंल बघ.” ती विषय बदलायची. उत्तर दिलं असतं तर खेळ पुढं सरकला असता, फरहानशिवाय. आणि उत्तर दिलं नव्हतं तोवर तर्काच्या अंगानं पाहता फरहान तिच्या उत्तराची वाट बघत थांबलेला होता. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्याइतकं ते शास्त्रीय नव्हतं.

तर वाळवी. नळाला पाणी येण्याचा दिवस होता. म्हणजे आमच्या शहरात सणच. मुक्ताबाईंनी त्या उत्साहात पलंगाखालीही फडकं घातलं आणि ओरडल्या, “अमे, उठ! तुझे राक्षस वाळवी खाऊन राहिली!”

पुस्तकं बाहेर निघाली, झटकली, उन्हात बसली, आणि आता ती परत खोक्यात जाणार नाहीत हे ठरलं. भिंतीत मांडणी करायची. घरात मोकळी भिंत एकच होती, आपांच्या आणि यांच्या घरामधली. पुंडलिक सुतार आला, भिंतीला टकटक करून “नऊ इंची दिसती” म्हणाला आणि ड्रिल चालवलं. ते आरपार गेलं.  मग त्या भोकातून आपांचा शांत आवाज आला, “अमृता बेटा, चाय लेगी क्या?”

“बिल्डरनं फसवलं तुम्हाला,” पुंडलिक धूळ झटकत म्हणाला. “भिंत नाय ही, पापड हाय.”

भोक बुजलं, मांडणी उभी राहिली आणि खरा प्रश्न आला तो लावण्याचा. अकारविल्हे लावणं अमृताला मान्य नव्हतं. प्रयोगशाळेत रसायनं अक्षरांप्रमाणं लावणारा माणूस एक दिवस छतासकट उडतो. तिथं नियम असा की ज्यांचं एकमेकांशी पटत नाही त्यांना शेजार द्यायचा नाही. तिनं तोच नियम इथं लावला. भुताखेतांचे खेळ एका बाजूला, अंतराळातले दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये काहीही न घडणारे, मुख्यतः व्यापारउदिमाचे. खूण म्हणून प्रयोगशाळेतून उरलेली लेबलं होतीच. युद्धाच्या पुस्तकांना लाल ज्वाळा, भुताच्या पुस्तकांना कवटी आणि दोन हाडं.

मुक्ताबाईंचं मत होतं की डब्यांसारखं उंचीनं लावावं. सम्यकनं फोनवर कांद्याची प्रतवारी सुचवली. “मोठा माल खाली, मध्यम मधी, गोल्टी वर. खराब निघंल तो बाजूला काढ.” आपा बुजवलेल्या भोकाची पाहणी करायला म्हणून आल्या, मांडणीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, “ज्याची त्याच्याजवळ असू दे. फरहानची एकत्र ठेव.” मग जरा थांबून, “त्या दाराचं काय झालं गं पुढं?”

“कुठल्या दाराचं?” अमृता म्हणाली. हे खोटं बोलणं होतं, आणि ते दोघींनाही कळलं.

“आफरीन न्यायला येऊन राहिली मला. नांदेडला. दोनेक आठवड्यांत जाईन,” आपा म्हणाल्या. आफरीन ही त्यांची नांदेडची लेक. “सगळं आवरलं. ते एक दार तेवढं ऐकायचं राहिलं. अर्धी गोष्ट घेऊन जाणं बरं नाही वाटत बघ.”

वाळवी परत येऊ नये म्हणून मुक्ताबाईंनी कडुनिंबाचा वाळका पाला आणि लवंगा यांच्या पुरचुंड्या बांधल्या. कापड हवं म्हणून जुनी छत्री फाडली. त्या काळ्या पुरचुंड्या प्रत्येक फळीला टांगल्या गेल्या, आणि फासे हरवू नयेत म्हणून ते पितळी वाटीत मध्यभागी ठेवले. अमृता दोन पावलं मागं सरकून बघत राहिली. काम नेटकं झालं होतं. ते दुसऱ्या कुणाला कसं दिसेल, हा प्रश्न तिला पडला नाही. शास्त्र शिकलेल्या माणसांचं बऱ्याचदा इथंच चुकतं.

आणि दुसऱ्या दिवसापासून ते पुस्तक पुढं यायला लागलं. अर्थात ‘सात दारांचं भुयार’.

अमृता घाबरली नाही. तिनं गृहीतकं मांडली. फळी उताराची असेल म्हणून पुंडलिकला परत बोलावलं. त्यानं पाणसळ ठेवली, फळी सरळ होती. तरी तिनं ती मागच्या बाजूला किंचित कलती करून घेतली. आता पुढं यायचं तर पुस्तकाला चढ चढावा लागणार होता. पुंडलिक जाताना चपला हातात घेऊन गेला आणि जिन्यात घातल्या. दुसऱ्या दिवशी पुस्तक चढ चढून पुढं आलेलं होतं. मग तिनं त्याखाली खरखरीत पॉलिश पेपर घातला. पुस्तक आलंच. कागदावर रेक्झिनचे बारीक काळे कण मिळाले, म्हणजे ते घासत, जोर लावून आलं होतं. मग तिनं कागदासकट त्याची जागा बदलली आणि तिथं तेवढ्याच वजनाची ‘पिशाच्चांची वर्गवारी’ ठेवली. पिशाच्चं मुकाट्यानं जागेवर राहिली. भुयार आपल्या नव्या जागेवरून पुढं आलं.

पहिली सकाळ सोडली तर ते नेहमी दुपारीच येई. उन्हाळ्यातल्या दुपारी सगळी गल्ली झोपते, कुत्रीसुद्धा गाड्यांखाली जातात आणि घराघरातून फक्त कूलरची घरघर येते. त्या घरघरीच्या खाली भिंतीतून आणखी एक आवाज येई. जड, खरबरीत, दगडावर दगड फिरावा तसा. अमृतानं तो पहिल्याच दिवशी ओळखला होता. आपांची घरघंटी. पापडाएवढ्या भिंतीतून चक्कीची थरथर येते, त्या थरथरीनं गुळगुळीत रेक्झिनचं पुस्तक सरकतं. चढाचं आणि पॉलिश पेपरचं गणित बसत नव्हतं, पण सिद्धांत देखणा होता आणि देखण्या सिद्धांताला माणूस सहज सोडत नाही.

ती आपांकडं गेली. “आपा, दोन दिवस दळण बंद ठेवाल का? एक प्रयोग चाललाय.”

आपा गव्हाची परात पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. “चक्की?” त्या म्हणाल्या. “बेटा, ती तर फरहान गेल्यापासून बंद आहे. मला एकटीला पीठ लागतं किती? मी तर समजत होते, तुझ्याकडंच काहीतरी फिरतंय. रोज दुपारी ऐकते की.”

घरघंटी कोपऱ्यात होती. तिच्यावर चादर होती, चादरीवर धूळ होती. दोघी भिंतीकडं बघत राहिल्या. परातीतले गहू निवडणारा आपांचा हात थांबला होता.

घरी येऊन अमृतानं आईला सांगितलं. मुक्ताबाई गंगापूरकडच्या, धम्मदीक्षा घेतलेल्या घरातल्या, मताच्या पक्क्या. “भूत नाय ते,” त्यांनी ताबडतोब निकाल दिला. “आपल्यात भूत नसतंय. माझ्या सासऱ्यानं भुतंखेतं, अंगात येणं, सगळं वेशीबाहेर सोडलं तवाच.”

“मग काय आहे?”

“मला काय म्हाईत? हललं ते हललं. पण भूत नाय.” आणि त्यांनी आपली दुपारची सतरंजी मांडणीपासून लांब, दाराजवळ घातली. तिकडं वारा बरा लागतो म्हणून.

इथवर प्रकरण घरातलं होतं. ते चव्हाट्यावर नेलं सोसायटीच्या सचिवांनी. कारभारी साळुंके पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते, पण पंचायत समिती त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. ते देखभालीची पावती द्यायला आले, दारातूनच त्यांची नजर आत गेली आणि पावती हातातच राहिली. काळ्या जाड पोथ्या, त्यांवर कवट्या. फळीफळीला टांगलेल्या काळ्या पुरचुंड्या. शिंगवाल्या राक्षसाचं रंगीत चित्र. मध्ये पितळी वाटी, वाटीत चित्रविचित्र खडे. आणि समोर अमृता, हातात पोलादी हत्यार घेऊन, एका पोथीचं माप काढताना.

“मॅडम,” ते खोल आवाजात म्हणाले, “हे काय चाललंय?”

“मोजतेय,” अमृता म्हणाली. “हे आपोआप पुढं येतं.”

आयुष्यात ती इतकं खरं आणि इतकं घातक वाक्य बोलली नव्हती.

संध्याकाळपर्यंत ही बातमी चारही मजल्यांवर पोचली. अमृता शाळाशाळांत जाऊन ‘चमत्कारामागचं विज्ञान’ दाखवणारी बाई, जिभेवर कापूर जाळणारी, पाण्यानं दिवा पेटवून त्यातलं रसायन सांगणारी. तिला आता जिन्यात लोक वाट सोडून उभे राहू लागले. मुलांत तिच्या दारासमोरून पळत जायची पैज लागली. तळमजल्यावरच्या सत्यभामाबाई, ज्यांनी एकदा तिच्याच कार्यक्रमाला टाळ्या वाजवल्या होत्या, पदराखाली लिंबू घेऊन आल्या.

“कुणाला सांगू नका, पण आमच्या सुनेचं कानातलं सापडंना,” त्या कुजबुजल्या. “तुमच्या त्या खड्यांत दिसतंय का बघा की.”

“काकू, ते फासे आहेत. खेळायचे.”

“व्हय, व्हय. बोलू नये ते बाहेर,” सत्यभामाबाई समजूतदारपणे म्हणाल्या आणि लिंबू ठेवून गेल्या. कानातलं दुसऱ्या दिवशी वॉशिंग मशीनमध्ये सापडलं. त्यामुळं फार नुकसान झालं. आता तिच्याकडं आणखी लोक यायला लागले.

अमृतानं लिंबाचं सरबत केलं आणि ते पिताना तिला रडू आलं. लोक घाबरतात याचं नव्हे. तिला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की सगळी गृहीतकं संपली होती आणि तिच्याकडं त्या लोकांपेक्षा बरं असं एकही स्पष्टीकरण नव्हतं.

मग नोटीस आली. सोसायटीच्या जुन्या लेटरहेडवर शहराच्या नावावर नव्या नावाची पट्टी चिकटवलेली होती आणि खाली साळुंकेंची भाषा होती. ‘सदर सदनिकेत सामाईक भिंतीस विनापरवाना छिद्र पाडून सदर भिंतीवर अघोरी स्वरूपाचे साहित्य मांडल्याचे निदर्शनास आले असून, जादूटोणाविरोधी कायद्यान्वये...’ समिती रविवारी दुपारी पाहणीस येईल, आणि साहित्य आढळल्यास पुस्तकं जप्त करून रद्दीत देण्यात येतील.

“जादूटोणाविरोधी कायदा?” अमृता फोनवर सम्यकला म्हणाली.  “सम्यक, त्या कायद्यासाठी मी मोर्चात गेलेय. उन्हात. घोषणा मी लिहिल्या होत्या.”

“मी येतो रविवारी,” सम्यक म्हणाला. मग फोन ठेवता ठेवता, “ताई, कोणतं पुस्तक सरकतंय गं?”

“तुझी गाडी किती वाजता पोचते?” तिनं विचारलं. त्याला कळलं.

रविवारी सम्यक आला. आपाही आल्या, घराला कुलूप लावून, किल्ली कमरेला खोचून. आफरीन दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायला येणार होती आणि सामान बांधून झालं होतं. साळुंके आणि सत्यभामाबाई समिती म्हणून खुर्च्यांवर बसले. मुक्ताबाईंनी सगळ्यांना पाणी दिलं. जप्ती करायला आलेल्याला तहान लागत नाही असं थोडंच आहे! बाहेर ऊन असं होतं की समोरची भिंत डोळ्यांत खुपत होती. पुस्तक जागेवर होतं. अमृतानं ते सकाळीच पट्टीनं सरळ केलं होतं.

साळुंकेंनी नोटीस वाचायला सुरुवात केली. “सदर सदनिकेत...” आणि वीज गेली.

कूलरचं पातं फिरत फिरत थांबलं. शेजारचे कूलर थांबले, गल्लीतले थांबले, आणि मग कशाचाच आवाज उरला नाही. त्या शांततेत सगळ्यांना ते ऐकू आलं. भिंतीच्या आत, दगडावर दगड.

“पाण्याची मोटर असेल,” साळुंके म्हणाले.

“लाइट गेलीय भाऊ,” सत्यभामाबाई म्हणाल्या.

‘सात दारांचं भुयार’ पुढं यायला लागलं. सावकाश. इतक्या दिवसांत अमृतानं ते येताना कधी पाहिलं नव्हतं, आलेलं पाहिलं होतं. खरखरीत कागदावर रेक्झिन घासल्याचा बारीक आवाज येत होता. पेराएवढं आलं, बोटभर आलं, वीतभर आलं. अर्ध्याहून जास्त हवेत होतं. आता पडायला हवं होतं. अमृताच्या मनानं त्याचा गुरुत्वमध्यसुद्धा काढला. ते पडलं नाही. तसंच थांबलं, कुणीतरी पुढं धरल्यासारखं.

“वारा,” साळुंके अगदी लहान आवाजात म्हणाले. खिडकीचा पडदा भिंतीला चिकटवल्यासारखा स्थिर होता.

मग भिंतीतून आवाज आला. टक. टकटक.

सम्यकच्या हातातून पाण्याचा पेला निसटला. तो उचलायला कुणी वाकलं नाही.

“आपा,” साळुंके म्हणाले, “तुमच्या घरात कोण आहे?”

आपांनी कमरेची किल्ली काढून दाखवली. 

टक. टकटक.

सत्यभामाबाई उठल्या. आपण निघतोय असं न सांगता निघाल्या आणि दारात त्यांच्या चपलांवरून साळुंकेंचा पाय अडखळला, कारण तेही त्यांच्या मागंच होते. नोटीस खुर्चीवर राहिली. जिन्यात धडधड झाली, खाली दार आपटलं, आणि पुन्हा सगळं शांत झालं. मुक्ताबाई आपल्या सतरंजीवरच बसून होत्या. “भूत नाय,” त्या पुटपुटल्या, पण या वेळी ते सांगणं कमी आणि विनंती जास्त होती.

आपा मात्र पुढं गेल्या. त्यांनी दोन्ही हात पुढं करून ते पुस्तक घेतलं, दमलेल्या लेकराला कुणाच्या कडेवरून घ्यावं तसं, आणि जेवणाच्या टेबलाच्या त्या टोकाला जाऊन बसल्या जिथं तोंड भिंतीकडं होतं. पुस्तक मिटलेलंच मांडीवर ठेवलं. उघडून उपयोग नव्हता, सातवं दार त्यात नव्हतं. सम्यकनं मांडणीवरची फाशांची वाटी आणून मध्ये ठेवली आणि फरहानच्या टेबलावर बसायचा त्याच बाजूला तो बसला. अमृता उभीच होती.

“मी स्वयंपाकघरात असायची ना,” आपा म्हणाल्या, “सगळं पाठ आहे मला.” त्यांनी घसा साफ केला. आवाज त्यांचाच होता, पण शब्दांची ठेवण, मध्ये थांबायची जागा, सगळं दुसऱ्या कुणाचं होतं. “दारामागून कुणीतरी ठोठावतंय. अमृता, तू सगळ्यांच्या पुढं आहेस. बोल. काय करतेस?”

अमृताच्या तोंडात प्रश्न तयार होते. दार लाकडाचं की दगडाचं? फटीतून वारा येतो का? ठोठावणाऱ्याला आपण इथं आहोत हे माहीत आहे का? सवयीनं तिनं सम्यककडं पाहिलं. तो चहा ठेवायला उठला नाही. या वेळी कुणीच उठणार नव्हतं.

“बोल की गं बाई,” मुक्ताबाई सतरंजीवरून म्हणाल्या. “तीन वर्षं तिष्ठत ठेवलंस त्या लेकराला.”

आपांची बोटं पुस्तकाच्या सोनेरी अक्षरांवर होती. भिंतीत पुन्हा वाजलं, आधीपेक्षा हळू, वाट बघून दमल्यासारखं. अमृताला एवढंच कळलं, की आता मोजण्यासारखं काही उरलेलं नाही. ती टेबलाशी आली, आपल्या खुर्चीवर बसली, आणि भिंतीकडं बघत स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

“मी दार उघडते.”